बाहेरचें रूप व आंतलीं माणसें

एखाद्या वस्तूची हुबेहूब प्रतिकृति करणें म्हणजे ती वस्तु जाणणें होय काय? हा प्रश्न वरवर पाहतां केवळ कलामीमांसेचा वाटतो. परंतु तो नीतीचाहि आहे, किंबहुना प्रथम नीतीचाच आहे, असें आम्हांस गेल्या दिवाळीच्या सुटींत वाटूं लागलें. त्यास कोणा ग्रंथाचें वाचन कारण झालें नाहीं. आमच्या भगिनीनें ओसरीवर उभें राहून विचारलेले दोन साधे प्रश्न कारण झाले. ते प्रश्न वाचकांपुढें ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्या भगिनीचें सासर तिसगांवास आहे. नगरहून पाथर्डीस जाणाऱ्या सडकेवरचें हें जुनें गांव. कानिफनाथांची मढी आणि वृद्धेश्वराचें स्थान येथून जवळ. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तरी आमच्या पिढीच्या जिभेवरून 'नगर' हा शब्द अजून उतरत नाहीं. या नगरास १९४८ पासून सैन्याच्या चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र आहे, आणि १९९४ सालीं तेथें रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें. जुनी रोल्स-रॉइस चिलखती मोटार, दुसऱ्या महायुद्धांतील चर्चिल व व्हॅलेंटाइन, पाकिस्तानाकडून हातीं लागलेला पॅटन, असे कितीतरी गाडे तेथें उभे आहेत. आमचा भाचा शाळेच्या सहलीबरोबर तेथें गेला, तो मनानें तेथेंच राहिला. आज तो महाविद्यालयांत आहे आणि सैन्यांत जावयाचें असा त्याचा निश्चय आहे.

या सुटींत त्यानें हातीं घेतलेलें काम म्हणजे जगांत प्रथम लढाईस उतरलेल्या रणगाड्याची प्रतिकृति. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्सांतील सॉमच्या रणभूमीवर, फ्लेर गांवाच्या बाजूस, इंग्रजांनीं जे रणगाडे पुढें घातले, त्या 'मार्क एक' जातीचा हा नमुना. मूळ गाडा मागचीं सुकाणूचीं चाकें धरून सुमारें साडेबत्तीस फूट लांब व २८ टन वजनाचा. पस्तिसांस एक या प्रमाणानें तो सव्वा वितीचा होतो, आणि साडेपांच फुटांचा माणूस दोन इंचांच्या आंत येतो. भाच्यानें शेंकडों सुटे भाग कानशीनें घासून, चिमट्यानें धरून, एकेक रिवेट राखून जोडले. अस्तराचा रंग दिला, तो वाळूं दिला, मग कुंचला हातीं घेतला. चिखलासाठीं त्यानें शेतांतली काळी माती मलमलींतून गाळून ठेविली होती; परंतु सॉमच्या भूमीखालीं खडूचा थर असल्यानें तेथील चिखल पांढुरका असतो, असें त्याच्या वाचनांत आलें. तेव्हां तो आम्हांस म्हणाला, "मामा, तुमच्याकडे फळ्यावरचे खडू आहेत का?" आमच्या पिशवींतले खडू कुटून, त्यांत किंचित् माती कालवून त्यानें पट्ट्यांना चिखल फासला. इतकी सत्यनिष्ठा आम्हीं पुष्कळ विद्वानांच्या प्रबंधांतहि पाहिलेली नाहीं, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

काम पुरें होत आलें असतां आमची भगिनी ओसरीवर आली. तिनें तो गाडा हातांत घेतला, फिरवून पाहिला आणि विचारलें, "ह्यात माणसं किती बसायची?"

"आठ," भाचा म्हणाला.

"आणि पेट घेतला तर बाहेर यायचं कुठून?"

त्यानें तोफेच्या सज्ज्यामागचें नखाएवढें दार दाखविलें.

"मग आत माणसं का नाही बसवलीस?"

"आई, बाहेरून दिसत नाहीत ती. बसवून काय उपयोग?"

ती कांहीं बोलली नाहीं. गाडा जपून खालीं ठेवून आंत निघून गेली.

जें बाहेरून दिसत नाहीं तें करण्याचें कारण नाहीं, हा सिद्धांत त्या मुलानें शोधून काढलेला नव्हे. या यंत्राच्या जन्मकथेंतच तो आहे. त्यावर आरंभापासून तीन आच्छादनें घालण्यांत आलीं. पहिलें नांवाचें. इंग्लंडांत हें यंत्र घडत असतां बातमी फुटूं नये म्हणून त्यास पाण्याची टांकी म्हणत, आणि 'टँक' हेंच नांव पुढें रूढ झालें. कोशकार या इंग्रजी शब्दाचें नातें पोर्तुगीज शब्दाबरोबरच आपल्याकडील 'टांकें' या शब्दाशींहि जोडतात. म्हणजे पाणी सांठविण्याचा हा शब्द रक्त सांडणाऱ्या यंत्रावर पांघरूण म्हणून पडला! मराठीनें मात्र 'रणगाडा' असें उघड नांव ठेविलें, याचें आम्हांस समाधान वाटतें. दुसरें आच्छादन रंगाचें. लंडनच्या रॉयल अकॅडमीचे सभासद व व्यक्तिचित्रांसाठीं नांवाजलेले चित्रकार सॉलोमन जोसेफ सॉलोमन यांनीं या पहिल्या गाड्यांसाठीं विविध रंगांच्या ठिगळांची योजना केली. हेतु हा कीं, शत्रूच्या दृष्टीस गाडा भूमीहून निराळा दिसूं नये. तिसरें आच्छादन पोलादाचें, आणि त्याच्या आंत तीं आठ माणसें.

त्या माणसांची स्थिति काय होती? १०५ अश्वशक्तीचें इंजिन त्यांच्या मधोमधच धडधडत असे. त्यास वेगळी खोली नव्हती. उष्णता, पेट्रोलची वाफ आणि विषारी धूर यांनीं माणसें ओकत, बेशुद्ध पडत. आवाज असा कीं, शेजाऱ्याचें बोलणें ऐकूं येत नसे. ठोकून आणि हातवारे करून खुणा कराव्या लागत. बाहेरून गोळी आपटली कीं आंतल्या अंगास पोलादाचे तप्त कण उडत. त्यांपासून चेहरा वांचावा म्हणून कड्यांची जाळी लावलेले मुखवटे देण्यांत आले. गाडा नुसता चालविण्यासच चौघे लागत, आणि त्याचा वेग माणसाच्या चालीहून फारसा अधिक नसे.

आतां असें पाहा कीं, प्रतिकृति करणारा जितका काटेकोर, तितकीं हीं तिन्ही आच्छादनें तो अधिक निष्ठेनें पुन्हां उभीं करतो. त्याचा हुबेहूबपणा खरा आहे. पण तो आच्छादनाशीं हुबेहूब आहे.

यावर कोणी म्हणेल, खेळण्यास एवढें कशाला गंभीर करतां? आपण सारेच दिवाळींत मातीचे किल्ले करीत होतों. बुरुजावर तोफा व मावळे मांडीत होतों. त्यांतील एखाद्या मावळ्याच्या घरचा आकांत आपल्या कानीं कधीं आला काय? आक्षेप रास्त आहे, आणि आपली परंपरा या दोषापासून मुक्त आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पोळ्याच्या मातीच्या बैलाकडे पाहावें. तो कितीहि ओबडधोबड असो, शेतकऱ्याच्या ज्या मुलानें तो केला त्यानें खऱ्या बैलास वैरण घातलेली असते, त्याच्या मानेवरचा घट्टा पाहिलेला असतो. तेथें प्रतिकृति ज्ञानाच्या मागून येते. रणगाड्याच्या बाबतींत ती ज्ञानाच्या आधीं येते व ज्ञानाची जागा अडवून बसते. आणि जो मुलगा उद्यां खरोखरच आंत बसणार आहे, त्याच्या बाबतींत ही गोष्ट खेळाची राहत नाहीं.

आंत केवळ यातनाच असतात असेंहि मात्र कोणी समजूं नये. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा गाडा पेटला. बाहेर पडण्याची आज्ञा झाली. परंतु तोफ चालते आहे तोंवर आपण गाडा सोडणार नाहीं असें त्यांनीं कळविलें, आणि लढतां लढतां तेथेंच देह ठेविला. पुण्यास जन्मलेला हा तरुण तेव्हां २१ वर्षांचा होता. त्यास मरणोत्तर परमवीर चक्र मिळालें. आमच्या भगिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचें हेंहि एक उत्तर आहे, आणि कोणत्याहि आईस तें ऐकवणें सोपें नाहीं. परंतु हें शौर्यहि आंतच घडलें. जो आंत पाहत नाहीं त्यास दुःख दिसत नाहीं, तशी वीरताहि दिसत नाहीं. त्यास दिसतो तो रंग.

हें सर्व भाच्यास सांगावें म्हणून आम्ही उठलों आणि थबकलों. पहिल्या महायुद्धाचे इंग्रज कवि आम्ही आज कित्येक वर्षें शिकवीत आहों. युद्ध संपण्यास एकच आठवडा उरला असतां, ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं, २५ व्या वर्षीं पडलेला विल्फ्रेड ओवेन आमच्या विशेष आवडीचा. त्याच्या अपूर्ण यमकांची रचना आम्हीं अशाच खडूनें फळ्यावर मांडून दाखविली, त्यांवर परीक्षेस प्रश्न काढले. पण आंत किती माणसें होतीं, आणि त्यांस बाहेर यावयास वाट कोठून होती, हें आम्हीं वर्गांत कधीं विचारल्याचें स्मरत नाहीं. मग रिवेट मोजणाऱ्यास यमकें मोजणाऱ्यानें काय म्हणून उपदेश करावा?

तर मग प्रतिकृती करूं नयेत काय? आमचें तसें म्हणणें नाहीं. काटेकोरपणा हा सद्गुणच आहे. मात्र तो कातडीपाशीं थांबला कीं, लपविणाऱ्याचेंच काम पुढें चालवितो. ज्या हातांस सॉमचा पांढुरका चिखल शोधावासा वाटला, त्यांस आंतलीं आठ माणसें शोधणें जड नाहीं. भाच्यानें सैन्यांत जावें कीं न जावें, हें ठरविण्याचा अधिकार आमचा नाहीं. परंतु जावयाचें तर आईचे दोन्ही प्रश्न बरोबर घेऊन जावें. ते न विचारतां केलेला निश्चय आणि ते विचारूनहि टिकलेला निश्चय यांची योग्यता एक नव्हे.

सुटी संपून आम्ही परतल्यावर त्याचा दूरध्वनि आला. इंजिन आंत नेमकें कसें बसविलेलें असे व माणसें कोठें कोठें बसत, याची आकृति कोणत्या पुस्तकांत मिळेल, असें तो विचारीत होता. आम्हांस तें ठाऊक नव्हतें. शोधून देण्याचें आम्हीं कबूल केलें आहे.