लेन्सवरचा लहान आकडा

मिररलेस कॅमेऱ्यासाठी रोजच्या वापराची एकच झूम लेन्स घ्यायची म्हटलं की बहुतेकांची नजर मोठ्या आकड्यावर जाते. २४-७० घ्यावी, २४-१०५ घ्यावी, की सरळ २४-२००? मला हा विचार उलट्या टोकाकडून करावासा वाटतो. आधी लहान आकडा पक्का करा. तडजोड करायचीच असेल तर ती मोठ्या आकड्यात करा.

लांबच्या टोकाला जे कमी पडतं, ते बरंचसं भरून काढता येतं. चार पावलं पुढे जाता येतं, नाहीतर फोटो मागाहून कापता येतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर ७० मिलिमीटरला काढलेला फोटो १०५ ला काढल्यासारखा दिसेल इतका कापला, तर साडेदहा मेगापिक्सेलहून थोडे जास्त उरतात. ए-फोर आकाराची ३०० डीपीआयची छपाई पावणेनऊ मेगापिक्सेलमध्ये होते. शिवाय उभं राहण्याची जागा तीच असल्यामुळे चेहऱ्याची ठेवण बदलत नाही. कमी उजेडात नॉइज थोडा जास्त दिसेल, एवढंच. पण रुंद टोकाला जे चौकटीत आलंच नाही, ते कुठून आणणार?

मागे सरका, असं म्हणणं सोपं आहे. आपल्या घरांत पाठीला भिंत लगेच लागते. गौरी-गणपतीतली बाहेरची खोली डोळ्यांसमोर आणा. फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे हिशेब तोंडी होतो: अंतराला ३६ ने गुणायचं आणि फोकल लेंग्थने भागायचं. मखरापासून १० फुटांवर उभं राहिलं तर ३५ मिलिमीटरला सव्वादहा फूट रुंदी मिळते, २८ ला जेमतेम १३ आणि २४ ला १५. २८ आणि २४ मधले चार मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात. त्या खोलीत ते दोन फूट असतात, आणि कडेला टाळ घेऊन उभी असलेली नात त्या दोन फुटांतच असते. तुकडे जोडून पॅनोरमा करता येतो खरा, पण आरती चालू असताना माणसं स्थिर कुठे राहतात?

या लेन्सचा इतिहासही याच दिशेने सरकलेला दिसतो. निकॉनची १९६३ ची गाजलेली झूम ४३-८६ होती. पुढे ३५-७० रुळली, मग २८ पासूनच्या आल्या, मग २४ पासूनच्या. एसएलआरमध्ये आरशाला जागा सोडावी लागे, म्हणून लेन्सची मागची काच फिल्मपासून दूर ठेवणं भाग होतं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये माउंट आणि फिल्म यांच्यात ४६.५ मिलिमीटर अंतर होतं. मिररलेस झेड माउंटमध्ये माउंटपासून सेन्सर अवघ्या १६ वर आहे. आरसा गेल्याने रुंद लेन्स रचणाऱ्याला मोकळा हात मिळाला. पॅनासॉनिकची २०२० मधली २०-६० आणि सोनीची २०२३ मधली २०-७० पाहिली की मला मनापासून आनंद होतो. वीसला मात्र माणसं कडेला उभी करू नका. चेहरे ताणले जातात.

एपीएस-सी सेन्सर असेल तर आकड्याला दीडने गुणा, कॅननच्या बाबतीत १.६ ने. अनेक किट लेन्स १८ पासून सुरू होतात, म्हणजे २७. फुजीची १६-८० मला १८-५५ पेक्षा जवळची वाटते ती याच कारणाने, १८-५५ रुंद टोकाला जास्त उजेड घेत असली तरी. एफ/२.८ की एफ/४, हा प्रश्न त्यानंतरचा. घरात पळणारी मुलं टिपायची असतील तर २.८ घ्या, कारण स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, मुलांना थांबवत नाही. प्रवासात दिवसा वापरायची असेल तर एफ/४ चं हलकं वजन पुरतं.

आणि दुकानात जाण्याआधी आपलेच जुने फोटो उघडा. प्रत्येकासोबत फोकल लेंग्थची नोंद असते. सगळ्यात लहान आकड्यावर ढीग लागला असेल, तर त्याहून रुंद सुरू होणारी लेन्स मागा. ढीग दुसऱ्या टोकाला असेल तर तुमच्यासाठी २४-१०५ किंवा २४-१२० आहे. तीही २४ पासूनच सुरू होते.