कारभाऱ्याचा हिशेब

(शास्त्रपाठ : १ करिंथ ४:१, २)



आपल्या खेड्यांत घरच्या कर्त्या पुरुषास 'कारभारी' म्हणण्याची रीत आहे. शेत, बैल, धान्याची कणगी हीं सर्व त्याच्या ताब्यांत असतात. तरी कारभारी या शब्दाचा खरा अर्थ दुसऱ्याच्या मालाची व्यवस्था पाहणारा असाच आहे. प्रेषित पौल करिंथकरांस लिहितांना आपणांस व आपल्या सोबत्यांस हेंच नांव देतो, आणि अशा मनुष्याच्या ठायीं विश्वासूपण पाहिलें जातें असें सांगतो. हुशारी, वक्तृत्व किंवा घराणें यांचा तो येथें उल्लेखहि करीत नाहीं. या वचनावरून तीन गोष्टींचा विचार करूं.

पहिली गोष्ट ही कीं, सर्व कांहीं प्रभूचें आहे. मंदिरासाठीं सोन्यारुप्याची रास पडली तेव्हां दावीद राजा गर्वानें फुगला नाहीं. देवाच्याच हातून आलेलें आपण देवाला परत करीत आहों, अशी त्यानें कबुली दिली (१ इतिहास २९). नांगरणी आपली, परंतु पाऊस कोणाचा? बीं आपण पेरतों, पण त्यांतून कोंब कोण काढतो? म्हणून जो दशांश देतो त्यानें उरलेले नऊ भाग माझे असें समजूं नये. ते लेकरांच्या शिक्षणास लागले, कीं लग्नाच्या थाटांत आणि सावकाराच्या व्याजांत गेले, हेंहि धनी विचारील.

दुसरी गोष्ट, थोडें मिळालें म्हणून कोणी मोकळा सुटत नाहीं. मत्तय २५ व्या अध्यायांतील तिसऱ्या दासास एकच तालांत मिळाला होता. तालांत म्हणजे सुमारें ६,००० दिनार; आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्यास आपण थोडें म्हणतों तें जवळजवळ २० वर्षांच्या मजुरीइतकें होतें! त्या दासानें चोरी केली नाहीं, उधळपट्टीहि केली नाहीं. त्यानें तें पुरून ठेविलें, आणि त्याबद्दलच त्याला दोष लागला.

आपल्यांतील पुष्कळ जण म्हणतात, "आम्हांजवळ जमीन नाहीं, विद्या नाहीं, आम्हीं काय द्यावें?" बहिणींनो, भाकरीसाठीं पीठ काढतांना एक मूठ प्रभूकरितां बाजूस ठेवितां येते. ज्यास वाचतां येतें त्यानें न वाचणाऱ्या शेजाऱ्यास संध्याकाळीं एक अध्याय वाचून दाखवावा. पंडिता रमाबाईंना आईबापांकडून संस्कृत विद्येचें धन मिळालें होतें, आणि १८७८ सालीं कलकत्त्यास विद्वानांनीं त्यांस 'सरस्वती' ही पदवी दिली. त्या विद्येवर मान मिरवीत बसणें सोपें होतें. परंतु पुढें त्यांनीं इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बायामाणसांस समजेल अशा मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर करण्यांत ती विद्या वेंचली. १९२२ सालीं त्या प्रभूमध्यें निजल्या. जवळ होतें तें त्यांनीं पुरून ठेविलें नाहीं.

तिसरी गोष्ट, हिशेब उघडा असावा. उपदेशक बंधूंनो व पंचांनो, येथें विशेष लक्ष द्या. योवाश राजाच्या काळीं मंदिराच्या डागडुजीसाठीं पैसा येत होता, तरी त्याच्या कारकीर्दीच्या २३ व्या वर्षापर्यंत डागडुजी झाली नव्हती. मग झांकणास भोंक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेविली गेली, आणि राजाचा चिटणीस व मुख्य याजक या दोघांनीं मिळून पैसा मोजावा असें ठरलें. तो सुतार, गवंडी व पाथरवट यांच्याकडे पोंहचला, आणि काम पुरें होऊं लागलें (२ राजे १२). पौलानेंहि यरुशलेमेंतील गरिबांची वर्गणी एकट्याच्या हातीं ठेविली नाहीं. मंडळ्यांनीं निवडलेला बंधु त्यानें सोबत घेतला, कारण देवापुढेंच नव्हे तर माणसांपुढेंहि निर्दोष दिसावें अशी त्याची काळजी होती (२ करिंथ ८). प्रेषिताला जी खबरदारी कमीपणाची वाटली नाहीं, ती आपल्याला कां वाटावी?

कित्येक मंडळ्यांत फूट पडते ती चोरीमुळें पडत नाहीं. खजिनदार प्रामाणिक असतो, पण वही नसते. फंडांतले पन्नास रुपये अडचणींत कोणास उसने दिलेले असतात. दिल्याची नोंद नाहीं, फेडल्याची नोंद नाहीं. मग पाणवठ्यावर कुजबुज होते, दोन घरें प्रभुभोजनास एकत्र बसत नाहींत, आणि बाहेरचे लोक ख्रिस्ताच्या नांवास हसतात. दोघांनीं मोजावें, त्याच दिवशीं लिहावें, महिन्याच्या शेवटल्या प्रभुवारीं मंडळीपुढें वाचून दाखवावें. कोणी हिशेब मागितला तर राग मानूं नये. विचारणारा आपल्या अब्रूचा राखणदार आहे. आणि मंडळीनेंहि संशयानें नव्हे, तर प्रीतीनें विचारावें.

प्रियजनहो, धनी दूर गेला असला तरी तो परत येणार आहे. त्या दिवशीं पांच तालांतवाल्यास आणि दोनवाल्यास एकच शाबासकी मिळाली, हें विसरूं नका. आपली वही आजच उघडूं या, जमिनींत पुरलेलें वर काढूं या. ज्या प्रभूनें आपल्यासाठीं स्वतःला दिलें, तो आपणां सर्वांस अखेरपर्यंत विश्वासू राखो. आमेन.