राहुटीतील शेजारधर्म

आषाढी-कार्तिकीचे दिवस जवळ आले म्हणजे आपल्या सभासद कुटुंबांपैकी अनेक घरांतून पडशी भरण्याची लगबग सुरू होते. टाळ, पताका, अंथरूण-पांघरूण, औषधांची डबी असे सारे आठवणीने बांधले जाते. वडीलधारी माणसे तरुणांना चालण्याविषयी, पाण्याविषयी, पायांना तेल लावण्याविषयी चार गोष्टी सांगतात. परंतु तळावर शेजारच्या राहुटीशी कसे वागावे, याविषयी सहसा कोणी काही सांगत नाही. हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. प्रस्तुत लेखकालाही तो तसाच वाटत असे. पण एका मुक्कामी घडलेल्या चुकीने त्याचे डोळे उघडले. म्हणून हा लेखनप्रपंच.

घरी असताना भिंत आपल्या नीतीचा बराचसा भार उचलते. शेजारच्या घरातील कुरबुर आपल्या कानी पडत नाही, यात आपला सद्गुण काहीच नसतो. तो दगडविटांचा गुण असतो. दार लावलेले असते म्हणून आपण आत डोकावत नाही. तळावर मात्र ही सोय नाही. एका राहुटीची दोरी दुसरीच्या मेखेला भिडलेली असते. मध्ये कनातीचे एकपदरी कापड. पलीकडचा खोकला, जप, घोरणे, पोराची किरकिर, नवराबायकोचे हलक्या आवाजातील बोलणे, सारे काही अलीकडे येते. अशा ठिकाणी भिंतीचे काम माणसाच्या मनाला करावे लागते. आपण खरोखर मर्यादाशील आहोत की केवळ भिंतींनी आपल्याला तसे ठेवले होते, याची परीक्षा तळावरच होते.

आपल्या पूर्वजांनी या परीक्षेचा विचार केला नव्हता असे नव्हे. श्रीज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी या सोहळ्याची घडी बसविली, तीत लष्करी छावणीची शिस्त आणि वारकऱ्याची नम्रता यांचा मिलाफ दिसतो. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील शितोळे सरकार यांच्याकडून माउलींचे अश्व दरवर्षी आळंदीस जातात आणि मुक्कामी माउलींच्या पादुका ज्या तंबूत विसावतात, तोही त्यांच्याच सेवेचा. प्रत्यक्ष माउलीही त्या दिवसांत कापडाच्याच घरात राहतात, हे आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या सोहळ्यात तळावर पोहोचल्यावर सायंकाळी समाजआरती होते. सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार हातातील दंड उंच करतात आणि हजारो टाळ-मृदंग क्षणात स्तब्ध होतात. ज्या दिंडीला काही गाऱ्हाणे असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातात आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. त्यानंतर हरवले-सापडले याची सूचना होते, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. या रीतीत केवढे शहाणपण आहे! ज्याचे गाऱ्हाणे आहे त्यानेच ते मांडावयाचे, त्याच्या इच्छेने मांडावयाचे आणि ज्याला ऐकण्याचा अधिकार आहे त्याच्यापुढे मांडावयाचे. जो टाळ थांबवतो त्याला कोणी जाऊन विचारीत नाही की, बाबा रे, तुझ्या मनात काही सलत तर नाही ना?

लेखकाची चूक नेमकी येथेच झाली. काही वर्षांपूर्वी तरडगावच्या मुक्कामी शेजारच्या राहुटीत दोघे भाऊ उतरले होते. थोरला साठीचा, धाकटा पन्नाशीच्या आतबाहेरचा. रात्री कीर्तन आटोपून सर्वत्र निजानीज झाल्यावर त्या दोघांत बोलणे सुरू झाले. आईच्या आजारपणाचा विषय होता. उरलेला जमिनीचा तुकडा विकावयाचा नाही, असे एक आवाज पुनःपुन्हा बजावीत होता. दुसरा आवाज रडवेला झाला होता. लेखकाने कान झाकून घेतले नाहीत. उलट तो उठून बसला. आईच्या औषधापुढे जमिनीला जपणारा तो थोरलाच असणार, असे त्याने मनाशी ठरवूनही टाकले.

सकाळी चहाच्या वेळी पाचसात मंडळी बसली असता लेखकाने थोरल्या भावास उद्देशून, नाव न घेता पण समजेल अशा बेताने, मातृसेवेवर चार उपदेशपर वाक्ये सुनावली. हेतू चांगला होता, असे तेव्हा वाटले. थोरल्याच्या हातातील पेला तसाच राहिला. तो काही बोलला नाही. पुढे फलटणच्या मुक्कामी त्यांच्या गावच्या एका वारकऱ्याकडून खरी गोष्ट कळली. थोरल्याने आपल्या वाटणीची बरीचशी जमीन आईसाठी अगोदरच विकली होती आणि उरलेला तुकडाही विकावयास तो निघाला होता. "आता तू विकायचं नाहीस, अण्णा" असे बजावणारा धाकटा होता, आणि रडवेला आवाज थोरल्याचा होता. अंधारात लेखकाने आवाजांची अदलाबदल केली होती.

लेखकाने क्षमा मागितली. थोरल्याने नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार केला आणि "माउली, तुम्ही काही वाईट चिंतलं नव्हतं," एवढेच म्हटले. परंतु त्या मुक्कामापासून त्या दोघांची राहुटी आमच्या शेजारी लागली नाही. पुढल्या वर्षीही ती चार राहुट्या पलीकडे होती. यावरून एक धडा मिळाला. कनातीतून शब्द येतात, प्रसंग येत नाही. चोरून वा नकळत ऐकलेले बोलणे हे अर्धवटच असते, आणि अर्धवट ज्ञानाच्या जोरावर केलेला उपकार अपकाराहून निराळा राहत नाही. कान मिटण्याची सोय परमेश्वराने केली नाही हे खरे. पण जीभ आवरण्याची सोय केली आहे. शेजारधर्माचा पहिला नियम हा की, जे आपल्याला सांगितले गेले नाही ते आपल्याला ठाऊक नाही असे समजून वागावे.

येथे एक शंका उपस्थित होते. वारीत लहानथोर, स्त्रीपुरुष, सारे एकमेकांच्या पाया पडतात आणि एकमेकांस माउली म्हणतात. जेथे सारे एक आहेत, तेथे आडपडदा कशासाठी? एकांताची इच्छा हा अहंकाराचाच एक प्रकार नव्हे काय? शंका वरकरणी आध्यात्मिक दिसते. पण तिचे उत्तर आपल्या देवळातच आहे. नैवेद्याच्या वेळी आपण देवापुढे पडदा ओढतो. शेजारती झाल्यावर गाभाऱ्याचे दार लावतो आणि काकडआरतीपर्यंत कितीही मोठा भक्त आला तरी ते उघडत नाही. देवाला निद्रेची वा एकांताची गरज आहे म्हणून आपण हे करतो काय? नव्हे. आपल्या भक्तीला मर्यादा असावी, देव हा आपल्या हाताशी असला तरी आपल्या हुकमाचा नाही, हे आपल्याला कळावे म्हणून ती रीत आहे. ज्या देवाला आपण पडदा देतो, तोच देव शेजारच्या माणसाच्या ठायी आहे असेही आपण म्हणतो. मग त्या माणसाच्या गाभाऱ्यात न विचारता शिरण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला? पाया पडणे याचा अर्थच मुळी उंबऱ्याबाहेर थांबणे असा आहे.

शिवाय गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना एकांतस्थानी राहण्याची आवड ही एक लक्षण म्हणून गणली आहे. तुकोबाराय कीर्तनात लोकांत रमले. पण चिंतनासाठी भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले. संतांना जे हवेसे वाटले, ते सामान्य प्रापंचिकाने दहा बाय दहाच्या कापडी घरात मागितले, तर तो अहंकार कसा? दिवसभर हजारोंच्या मेळ्यात चाललेल्या माणसाला रात्री घटकाभर कोणी पाहू नये, ऐकू नये, विचारू नये असे वाटणे, ही त्याच्या मनाची तहान आहे. तिचा मान राखणे हे पाणी पाजण्याइतकेच पुण्याचे आहे.

आता दुसरी बाजू. मर्यादेच्या नावाखाली माणूस दगड होऊ नये, हीही काळजी घेतली पाहिजे. शेजारच्या राहुटीत कोणी रात्रभर कण्हत आहे आणि आपण "त्यांचा खाजगी प्रश्न" म्हणून कूस बदलतो, ही मर्यादा नसून आळस आहे. याबाबतीत महाभारतातील आदिपर्वाची एक कथा मोठी बोधप्रद आहे. द्रौपदीसह एक भाऊ एकांतात असता दुसऱ्याने तेथे जाऊ नये, गेल्यास बारा वर्षे वनवास पत्करावा, असा नियम पांडवांनी आपापसांत ठरविला होता. पुढे चोरांनी एका ब्राह्मणाच्या गाई पळविल्या. तो अर्जुनाकडे धावत आला. अर्जुनाची शस्त्रे मात्र ज्या दालनात युधिष्ठिर व द्रौपदी होती त्याच दालनात होती. अर्जुनाने क्षणभर विचार केला, आत गेला, शस्त्रे घेतली आणि गाई सोडवून आणल्या. परत आल्यावर त्याने होऊन वनवासाची अनुज्ञा मागितली. युधिष्ठिराने परोपरीने सांगितले की तुझ्याकडून काही दोष घडलेला नाही. पण धर्माच्या बाबतीत सबब सांगून सुटावयाचे नाही, असे म्हणून अर्जुन निघून गेला.

या कथेतून दोन गोष्टी निघतात. एक, आर्ताची हाक आली असता पडदा ओलांडणे हे कर्तव्य आहे. दुसरी, ती अधिक सूक्ष्म आहे: कर्तव्यासाठी ओलांडला तरी पडदा ओलांडला गेला, याचे भान सुटता कामा नये. अर्जुन आत गेला तो शस्त्रासाठी; तेथे काय चालले आहे हे पाहण्यासाठी नव्हे. आपण शेजाऱ्याच्या राहुटीत शिरतो तेव्हा आपल्याला काय हवे असते, त्याचे दुःख निवारण्याची संधी की त्याच्या दुःखाची बातमी? हा प्रश्न प्रत्येकाने आपल्यालाच विचारावा. उत्तर प्रामाणिक असेल तर पुढची वाट आपोआप दिसते. राहुटीला कडी नसते की वाजवावी, पण बाहेर उभे राहून "माउली, काही हवं आहे का? आत येऊ का?" असे विचारता येते. "नको" म्हटले तर परत फिरता येते. जिवावरचे दुखणे असेल तर न विचारताही शिरावे. मात्र जे पाहिले ते त्या कापडाच्या आतच ठेवून बाहेर यावे.

याच तत्त्वातून नित्याच्या वर्तनाचे लहानसहान नियम सुचतात. त्यांची लांबलचक यादी देण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या दोरीवर ओले धोतर टाकू नये. जवळची वाट म्हणून दोन राहुट्यांच्या मधून, कोणाच्या उशाशी पाय देत जाऊ नये. पहाटे आपल्याला उठावयाचे म्हणून साऱ्या रांगेवर विजेरीचा झोत फिरवू नये. बायामाणसांच्या स्नानासाठी चार काठ्या व चादरीचा आडोसा अगोदर उभारावा आणि मग पुरुषांनी आपल्या स्नानाची चिंता करावी. आणखी एक गोष्ट मात्र विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या वडिलांच्या काळी नव्हती. आज प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि त्यात छायाचित्र घेण्याची सोय आहे. थकून तोंड उघडे टाकून झोपलेली म्हातारी, फोड आलेले पाय चोळणारा वृद्ध, न्हाऊन केस वाळविणाऱ्या सुना यांची चित्रे "वारीचे दर्शन" म्हणून गावोगाव धाडली जातात. ज्यांची चित्रे आहेत त्यांना कोणी विचारले होते काय? पूर्वी डोकावणारा एकटा डोकावत असे. आता तो आपल्याबरोबर साऱ्या जगाला डोकावावयास बोलावतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु दोन राहुट्यांमधल्या कापडावर पहारा देण्यास न्यायालय येत नाही. पंढरपुरात चंद्रभागेपलीकडे पासष्ट एकराच्या भक्तिसागर तळावर दिंड्यांना जागा आखून दिल्या जातात. पण जमिनीवर फक्की मारून जी रेघ आखता येते, ती मनावर आखता येत नाही. तेथे ज्याची त्यानेच आखावयाची असते.

वारी संपते, राहुट्या गुंडाळल्या जातात आणि आपण पुन्हा भिंतींच्या घरात येतो. तळावर काही शिकलो असलो तर ते येथेही उपयोगी पडते. सुनेच्या खोलीचे दार, मुलाला आलेले पत्र, रुग्णालयात शेजारच्या खाटेवर चाललेले बोलणे, ही सारी कापडाचीच घरे आहेत. तेथे आपण कसे वागतो, हे आपली मुले पाहत असतात. यंदा पडशी भरताना घरातील वडील मंडळींनी मुलांना पायाला तेल लावण्याची गोष्ट सांगावीच. पण त्याबरोबर, शेजारच्या राहुटीपाशी क्षणभर थांबून हाक कशी द्यावी, हेही सांगावे. इत्यलम्.