सातवं अक्षर

(वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उठताहेत. 160 चौरस फुटांच्या खोल्या सोडताना एका चाळीने स्मरणिका काढायचं ठरवलं. तिथल्या एका दिवंगत गिरणी कामगाराच्या वहीतला अभंग त्यात घ्यायचा आहे. संपादन भाचीकडे. मामा भजनी मंडळात पखवाज वाजवत.)

भाची : मामा, हा मोठा अभंग. अक्षरं सहा, सहा, सहा, चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. 'भोंग्याच्या सुरात' : सहा. पुढे 'जांबोरी मैदानात' : सात! 'मैदानी' करू?

मामा : आणि यमक?

भाची : मग वर 'सुरांनी' करावं लागेल.

मामा : म्हणजे एका अक्षरापायी दोन चरण मोडायचे. बाय गं, मैदानी खेळ असतात. सभेला आम्ही मैदानात जमायचो.

भाची : पण मर्ढेकरांनी 1947च्या 'काही कविता'त अभंग वापरला, तर आपण त्यांची अक्षरं काटेकोर मोजतो. यांना कामगार म्हणून सूट द्यायची? लोक म्हणतील, बिचाऱ्याला मोजता येत नव्हतं.

मामा : पुढचं कडवं बघ.

भाची : सुरुवात 'डिलाईल रोड', शेवट 'करी रोड'. सहा... आणि चार.

मामा : गोऱ्यांची नावं बरोबर बसवणाऱ्याला मैदान बसवता आलं नसतं? तुकोबांच्या गाथेतही सात अक्षरांचे चरण सापडतात. गाताना दोन अक्षरं एका मात्रेत जातात.

भाची : स्मरणिकेत पखवाज कुठून छापू? वाचणारा अडखळणार.

मामा : अडखळू दे. त्या मैदानात माणसंही मावत नसत.

भाची : हे लाडाचं बोलणं झालं. उद्या आठ अक्षरं निघाली तरी गर्दीच म्हणाल. आणि निघालीच आहेत! चौथ्या कडव्यात, 'चाळीच्या जिन्यात तिथे'.

मामा : हे मात्र म्हणवतच नाही. वही काढ.

भाची : ...वहीत 'तिथे' नाही. टाइप करणाऱ्याने घुसडलं. आणि 'मैदानात'? थांबा. आधी 'मैदानी' लिहिलंय, ते खोडून 'मैदानात' केलंय.

मामा : म्हणजे मोजून झालं होतं त्याचं.

भाची : 'तिथे' काढते, 'मैदानात' ठेवते. पण खाली टीप देणार : वहीत 'मैदानी' खोडलेलं आहे. सूट दिली असं कुणी म्हणायला नको.