इशारा मिळाल्यानंतरचे तास

3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरहून अधिक होता. हवामान खात्याने ते आधीच सांगितलं होतं आणि किनाऱ्यालगतच्या वस्त्यांतून हजारो लोकांना हलवलंही गेलं. वादळाच्या मानाने माणसं फार थोडी दगावली. हे यश लहान नाही. ओडिशात 1999च्या महाचक्रीवादळाने सुमारे 10,000 बळी घेतले. त्याच ओडिशात 2013 साली ‘फायलिन’च्या वेळी वेळेवर केलेल्या स्थलांतरामुळे तो आकडा पन्नासच्या आत राहिला. तरीही वादळ येण्याआधीचे ते एक-दोन दिवस सगळ्यांना सारखेच मिळतात, हे मला मान्य नाही. इशाऱ्याचा उपयोग करायला हाताशी काहीतरी असावं लागतं, आणि ते गरिबाकडे नसतं.

ज्याचं घर स्लॅबचं आहे, तो दारं-खिडक्या लावून आत बसू शकतो. ज्याच्याकडे गाडी आहे, तो मुलाबाळांना घेऊन पुण्याकडे निघू शकतो. पत्र्याच्या किंवा कौलारू छपराखाली राहणारा काय करणार? पत्र्यावर दगड ठेवेल, होडी आणखी वर ओढून बांधेल, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालेल. नारळी-पोफळीची वाडी मात्र हलवता येत नाही. श्रीवर्धनची सुपारी नावाजलेली. पोफळ लावल्यापासून पीक हाती यायला सहा-सात वर्षं जातात आणि नारळालाही साधारण तेवढीच. म्हणजे एका दुपारी आडवी झालेली वाडी हे अनेक वर्षांचं बुडालेलं उत्पन्न असतं. ‘निसर्ग’नंतर सरकारने बागायतीची मदत हेक्टरी 18,000 रुपयांवरून 50,000 रुपयांवर नेली, पण कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. हेक्टरी 50,000 म्हणजे गुंठ्याला जेमतेम 500 रुपये! पुढे झाडामागे मदत देण्याचा निर्णय झाला. त्यातही पोफळीला 50 आणि नारळाला 250 रुपये ठरले. हा अनुभव गाठीशी असलेला माणूस पुढचा इशारा ऐकताना त्याच हिशेबाने ऐकणार.

लोक हट्टी असतात, सांगूनही घर सोडत नाहीत, असं प्रशासनातले पुष्कळ जण म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण हट्ट हे त्याचं कारण नव्हे. घर सोडलं की बकऱ्या, जाळी, इंजिन, भांडीकुंडी वाऱ्यावर सोडावी लागतात, आणि ती पुन्हा उभी करायला कोणी येईल याची खात्री नसते. जून 2020 मध्ये तर टाळेबंदीने आधीच मजुरी बुडवली होती आणि निवाऱ्यात गर्दी करायची तर करोनाची धास्ती होती. अशा वेळी थांबण्याचा निर्णय चुकीचा ठरू शकतो, पण तो अविचारी नसतो.

मदत वादळाआधीच हातात द्यावी, असं म्हटलं की दुसरा आक्षेप येतो: वादळाने दिशा बदलली तर पैसा वाया जाईल. बांगलादेशात हे करून पाहिलं गेलं आहे. जुलै 2020 मध्ये पुराचा अंदाज येताच जागतिक अन्न कार्यक्रमाने हजारो कुटुंबांना पाणी शिगेला पोहोचण्याआधी प्रत्येकी 4,500 टका दिले. त्यातून धान्य घेता येतं, गुरं हलवायला गाडी ठरवता येते. पूर आला नसता तरी ते पैसे गरिबाच्याच चुलीला लागले असते. मी त्याला वाया जाणं म्हणणार नाही.

नागपूरच्या जरीपटक्यात बसून हे लिहायचं कारण आहे. ‘निसर्ग’ दुसऱ्याच दिवशी क्षीण होत पश्चिम विदर्भापर्यंत आलं होतं, आणि 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. त्यानंतर नागपुरात चर्चा झाली ती पूर्वसूचनेची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण समजा आदल्या संध्याकाळी भोंगा वाजला असता, तर नागनदी आणि पिवळी नदीकाठच्या झोपड्यांतली माणसं सामान घेऊन कुठे गेली असती, त्यांना नेलं कोणी असतं आणि दुसऱ्या दिवशीची बुडालेली मजुरी कोण देणार होतं, याचं उत्तर महापालिकेच्या पावसाळी आराखड्यात वॉर्डनिहाय लिहिलेलं असलं पाहिजे.