रूपक ओळखणारा प्रेक्षक

1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले, तेव्हा सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन हेच आश्रयदाते होते आणि पहिले प्रेक्षकही. राज्यकर्त्याला नाटकाची धास्ती वाटू लागली ती नंतर. कलकत्त्यात प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्यावर प्रहसन झाले आणि 1876 मध्ये इंग्रज सरकारने नाट्यप्रयोगांवर कायदाच आणला. त्यामागची समजूत सरळ होती: आक्षेपार्ह मजकूर शोधायचा, प्रयोग थांबवायचा.

ही समजूत किती तोकडी आहे, हे सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी दाखवले. 1907 मध्ये त्यांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. त्यात ना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचे नाव, ना इंग्रजांचे. फक्त विराटाचा दरबार, सैरंध्री, कीचक आणि भीम. पण कीचक कोण आणि सैरंध्री कोण, हे पिटातल्या प्रेक्षकाला सांगावे लागले नाही. इंग्रज वाचकांना मात्र ते व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने उलगडून सांगितले. 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. ती खरे तर कुठल्या वाक्यावर नव्हती. प्रेक्षक मनात जो अर्थ लावत होता, त्याच्यावर होती.

पुढची पायरी स्वराज्यातली. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. तिथल्या अण्णा भाऊ साठे यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्याच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. आता अर्थाचीही चौकशी उरली नाही. कोण गातो आणि कोणापुढे गातो, एवढे पुरेसे झाले.

तरीही या मातीत कलावंताला दाद मागायला जागा राहिली. ‘सखाराम बाइंडर’ या नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. 1876 चा कायदा 2018 मध्ये रद्द झाला. नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवण्याची महाराष्ट्रातली रीत मात्र त्यानेही सुटली नाही. 2016 मध्ये अमोल पालेकरांनी तिला न्यायालयात आव्हान दिले होते.

चीनच्या सत्तेखालच्या तिबेटी आणि उइघुर कलावंतांची अवस्था समजून घेताना हा इतिहास उपयोगी पडतो, आणि एका जागी अपुराही पडतो. धोंडुप वांगचेन यांनी सामान्य तिबेटी माणसांना कॅमेऱ्यापुढे बोलते केले. 2008 मध्ये त्यांना अटक झाली आणि सहा वर्षांची शिक्षा. हे ओळखीचे वाटते. तिबेटी दिग्दर्शक पेमा त्सेदेन यांची वाट खाडिलकरांची. चिनी सेन्सॉरच्या चौकटीत राहून त्यांनी ‘थार्लो’ हा चित्रपट केला. ओळखपत्र काढायला तालुक्याच्या गावी गेलेल्या मेंढपाळाची ही गोष्ट; सरकारी कागदावर ओळख मिळवता मिळवता तो स्वतःची ओळख हरवून बसतो. तिबेटी प्रेक्षकाला यापुढे काही सांगावे लागत नाही.

पण हा प्रेक्षक पुढे राहणार का? 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सांगितले, की सुमारे दहा लाख तिबेटी मुले निवासी शाळांत आहेत आणि तिथे शिक्षण प्रामुख्याने चिनी भाषेतून होते. उइघुरांचे दर्गे, यात्रा आणि लोककथा यांचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापक राहिले दावुत 2017 च्या डिसेंबरमध्ये बेपत्ता झाल्या; त्यांना जन्मठेप झाल्याचे 2023 मध्ये उघड झाले. त्या काही सरकारविरोधी चित्रपट काढत नव्हत्या. ज्या गोष्टींच्या जोरावर उद्याचे रूपक उभे राहिले असते, त्या गोळा करत होत्या.

इंग्रजांनी ‘कीचकवध’ बंद केले, पण महाभारत सांगणारी आजी आणि कीर्तनकार तसेच राहिले. म्हणून बंदीतही नाटकाचा अर्थ जिवंत होता. चीनचा हात पोचला आहे तो नेमका त्या आजीपर्यंत. एखाद्या चित्रपटावरची बंदी उठवा, अशी मागणी म्हणूनच पुरेशी नाही. मुलांना आपल्या भाषेत शिकण्याचा हक्क ही कलेच्या स्वातंत्र्याचीच मागणी आहे. ती मान्य झाली नाही, तर उद्या सेन्सॉरला कात्री उचलावीच लागणार नाही.