सेवेचे ऋण

आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत की, ते कानी पडताच मनुष्य नकळत हात जोडतो आणि त्यापुढचा विचार करावयाचे सोडून देतो. ‘सेवा’ हा त्यांपैकी एक. आम्हां सरकारी नोकरांच्या तर तो अंगवळणी पडलेला आहे. आमच्या नोंदी सेवापुस्तकात होतात, बढती सेवाज्येष्ठतेने मिळते आणि शेवटी जे येते त्यास सेवानिवृत्ती म्हणतात. परंतु महागाई भत्त्याचा हप्ता लांबला आणि आम्ही त्याची आठवण केली, तर ‘तुमचे काम म्हणजे सेवा, तीत भत्त्याची भाषा कशाला?’ असे आम्हांस कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर आम्ही ते ऐकून घेणार नाही. रुग्णालयातील परिचारिकेच्या बाबतीत मात्र हाच शब्द आपले रूप पालटतो. तिने रजा, पाळीचे तास, वेतन किंवा रात्रीची सुरक्षितता यांविषयी तोंड उघडले की, तिला लगेच सेवाधर्माची आठवण करून देण्यात येते. एकाच शब्दाने एकाचे हक्क सांगितले जावेत आणि दुसरीचे झाकले जावेत, हे कसे घडते? दुसऱ्याकडून त्यागाची अपेक्षा करण्याचा अधिकार आपणांस आहे काय? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर केवळ रुग्णालयाच्या भिंतींआड राहणारे नाही.

सेवा हे मूल्य खोटे आहे, असे कोणीही विचारी मनुष्य म्हणणार नाही. कुष्ठरोगाने पीडित झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. लोक ज्या व्याधीचा स्पर्शही टाळीत, त्या व्याधीच्या अंगाला त्यांनी मालिश केले. या कृतीपुढे मान लवते ती का? ती स्वेच्छेची होती म्हणून. गांधीजींवर कोणी ती पाळी लावली नव्हती. त्यागाची सारी थोरवी या स्वेच्छेत आहे. दान देणाऱ्याच्या हातून सुटते तोवर ते दान. घेणाऱ्याने हक्काने मागितले की ती वसुली होते. ‘तुझे काम पवित्र आहे, म्हणून तू कमी घे, अधिक जाग आणि बोलू नकोस,’ असे जेव्हा समाज म्हणतो, तेव्हा तो सेवेचा गौरव करीत नसतो. तो वसुली करीत असतो.

या बाबतीत फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या स्मृतीवर आपण थोडा अन्यायच केला आहे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात हाती दिवा घेऊन फिरणारी तिची मूर्ती आपण शाळेच्या पुस्तकातून उचलली आणि देव्हाऱ्यात ठेवली. परंतु तिच्या दुसऱ्या हातात आकड्यांचे तक्ते होते, ते मात्र आपण टेबलावरच विसरलो. जखमांनी जितके सैनिक मेले, त्यांहून कितीतरी अधिक रोगांनी मेले, आणि ते रोग बव्हंशी टाळता येण्याजोगे होते, हे तिने १८५८ साली आकृत्या काढून राज्यकर्त्यांपुढे मांडले. १८५९ साली हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याविषयी शाही आयोग नेमला गेला, तेव्हा या देशात एकदाही पाऊल न टाकता तिने इथल्या छावण्यांची माहिती मागवून अहवाल सिद्ध करण्यास हातभार लावला. पाणी, गटारे, हवा, खाटांमधील अंतर हे तिच्या लेखनाचे विषय होते. रुग्णाच्या उशाशी बसणे आणि मंत्र्याच्या दाराशी बसणे, ही दोन कामे तिला भिन्न वाटलीच नाहीत. रुग्णाचा ताप ज्या कारणाने चढतो ते कारण सरकारदरबारी असेल, तर शुश्रूषेला तिथवर चालत जावे लागते. परिचारिकांनी धोरणाविषयी बोलावे की नाही, हा वाद ज्यांना आज सुचतो, त्यांनी हे लक्षात घ्यावे की, या व्यवसायाची आद्य आचार्याच मुळात धोरणाविषयी बोलणारी होती.

आपल्याकडील चित्र काय? भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला, तेव्हा ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, असे प्रमाण तिने नोंदविले होते. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली, शिक्षणाला एकसूत्रीपणा आला आणि आज संख्येची ती जुनी दैन्यावस्था राहिलेली नाही. परिषदेच्या मानकाप्रमाणे सर्वसाधारण वॉर्डात, अध्यापन-रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव पदे असावीत. रजेची राखीव पदे म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ती नसली म्हणजे एकाची रजा ही दुसऱ्याची शिक्षा होते.

दोन वर्षांपूर्वी माझे वडील दिल्लीतील एका सरकारी रुग्णालयात नऊ दिवस होते. वॉर्डात चाळीसच्या वर रुग्ण आणि रात्रपाळीला दोन परिचारिका. त्यांपैकी एक केरळातील कोट्टयमकडची. वडिलांना मराठीखेरीज भाषा येत नाही. तिने दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून ‘दुखतं का?’ एवढे दोन शब्द पाठ करून घेतले आणि घरी आम्ही म्हणतो तसे ती त्यांना ‘आप्पा’ म्हणू लागली. तिच्या भाषेतही वडिलांना जवळजवळ तसेच म्हणतात. एका रात्री तीन खाटांवरून एकाच वेळी हाका आल्या. ती क्षणभर मधोमध उभी राहिली. कोणाकडे प्रथम जावे याचा निर्णय तिने त्या क्षणात केला आणि ती गेली. पहाटे सलाईन बदलताना ती मला म्हणाली, ‘जिनके पास नहीं गयी, घर जाकर वही याद आते हैं।’

हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. थकवा झोपेने जातो. परंतु जे करावयास हवे ते ठाऊक असून करता आले नाही, ही व्यथा झोपेने जात नाही. आमच्या कचेरीत पद रिक्त राहिले तर फाईल थांबते. वॉर्डात पद रिक्त राहिले तर ताप थांबत नाही. आणि त्या न थांबलेल्या तापाचा दोष, ज्याने पद भरले नाही त्याच्या मनाला शिवत नाही. तो समोर उभ्या असलेल्या बाईच्या मनाला लागतो. जबाबदारी एकाची आणि अपराधीपणा दुसऱ्याचा, अशी ही अजब वाटणी आहे. परिचारिकेच्या मनःस्वास्थ्याची चर्चा करताना आपण तिला योगासने आणि समुपदेशन सुचवितो. ती वाईट नाहीत. परंतु कारण तसेच ठेवून लक्षणावर उपचार करणे, हे तर कोणताही वैद्य चुकीचेच मानील. २००२ साली लिंडा एकन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण अधिक आला की, तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली, आणि परिचारिका खचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. तेव्हा तिचे हित आणि रुग्णाचे हित ही तराजूची दोन पारडी नव्हेत. ती एकाच पारड्यात आहेत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. उद्या परिचारिकांनी संप केला तर खाटेवरच्या असहाय माणसाचे काय? मी असे मानतो की, तातडीच्या रुग्णास वाऱ्यावर सोडण्याचा अधिकार कोणत्याही मागणीला पोहोचत नाही. परंतु मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील एक गोष्ट या ठिकाणी आठवावी. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. १८ मे २०१५ रोजी तिचा अंत झाला, तोपर्यंतची एक्केचाळीस वर्षे त्या रुग्णालयाच्या परिचारिकांनी, एका पिढीने दुसरीच्या हाती सोपवीत, तिची शुश्रूषा केली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या निष्ठेचा मुक्तकंठाने गौरव केला. तो सर्वांना ठाऊक आहे. हल्ल्यानंतर याच परिचारिकांनी तिच्या उपचारांसाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी संप केला होता, आणि पुढे तिची खाट रिकामी करण्याचे महापालिकेचे प्रयत्न त्यांनीच विरोध करून परतवून लावले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ज्या हातांनी तिची कूस बदलली, त्याच हातांनी निषेधाचे फलक धरले. यांतले एक पुण्य आणि दुसरे पाप, असे कोणत्या धर्मशास्त्राने ठरवावे? वर्षानुवर्षे अर्जांना उत्तर न देणाऱ्यांना रुग्णाची आठवण केवळ संपाच्या दिवशी व्हावी, यातच त्या आक्षेपाची मर्यादा दिसून येते.

कृतज्ञता आपल्या ठायी नाही, असे नव्हे. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या. ३ मे रोजी विमानदलाने रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. त्या भावनेची थट्टा करण्याची माझी इच्छा नाही. भयाच्या त्या दिवसांत ती खरी होती. परंतु ऋणाची कबुली म्हणजे ऋणाची फेड नव्हे. सावकाराला नमस्कार करून कर्ज फिटत नाही. केंद्र सरकारने २०१६ साली ‘स्टाफ नर्स’चे पदनाम बदलून ‘नर्सिंग ऑफिसर’ केले, हे योग्यच झाले. मात्र पदनाम बदलल्याने रात्रपाळीतील खाटा कमी होत नाहीत. त्या कमी होतात माणसे नेमल्याने.

आणि इथे हा प्रश्न आपल्या, म्हणजे या पानांच्या वाचकांच्या, टेबलाशी येऊन पोहोचतो. आपण घर सोडून दूर आलेली माणसे आहोत. वॉर्डातील ती कोट्टयमची बाईही तशीच. आपण गणपतीला रजा टाकून महाराष्ट्र मंडळात तरी जमतो. तिच्या ओणमला वॉर्ड बंद राहत नाही. पदनिर्मितीचा प्रस्ताव, रिक्त जागांचा तक्ता, राखीव पदांची मागणी, हे सारे कागद कोणा ना कोणा लिपिकाच्या हातून पुढे सरकतात. त्यावर ‘चर्चा करावी’ असे लिहून तो आठवडाभर बाजूस ठेवणे नियमबाह्य नसते. परंतु ज्या रात्री तीन खाटांवरून एकदम हाका येतात, त्या रात्रीचे एक टोक त्या कागदाला बांधलेले असते. तो कागद वेळेवर, नीट टिपणीसह, वर गेला, तर तीही शुश्रूषाच होय. तिच्यासाठी कोणी थाळी वाजविणार नाही, इतकेच.